गाळाचे गणित : प्रस्तावना

एक मिलिमीटर व्यासाचा वाळूचा एक कण फोडून त्याचे ०.१ मिलिमीटरचे कण केले, तर ते हजार होतात. वजन तेवढेच राहते. हे हजार कण त्याच वेगाने त्याच पोलादी पत्र्यावर आपटले, तर त्यांची एकूण गतिज ऊर्जाही मूळच्या एकट्या कणाएवढीच भरते. मग पत्र्याची झीजही तेवढीच व्हायला हवी. प्रत्यक्षात तसे होत नाही. कण साधारण १०० मायक्रॉनच्या, म्हणजे ०.१ मिलिमीटरच्या, खाली उतरू लागले की दर किलो वाळूमागची झीज घटू लागते. वीस-तीस मायक्रॉनपर्यंत आले, की मंद प्रवाहात ती कधी कधी मोजताही येत नाही. हवेपेक्षा पाण्यात ही घट जास्त तीव्र असते. वजन तेच, ठरवलेला वेग तोच, धातू तोच. बदलले फक्त कणांचे माप. तर मग ऊर्जा गेली कुठे?

हा संग्रह या प्रश्नाभोवती रचलेला आहे. वाळू, राख, खनिजाचा चुरा किंवा नदीचा गाळ पाण्यात मिसळून वाहू लागला की कारखान्यात त्याला सरसकट स्लरी म्हणतात. ही स्लरी वाटेत येईल ते खाते: पंपाचा इम्पेलर आणि केसिंग, पाइपचे बेंड, व्हॉल्व्हची सीट, टर्बाइनची पाती. किती खाते हे वेगावर, कणांच्या कठीणपणावर, आपटण्याच्या कोनावर, गाळाच्या प्रमाणावर आणि कणांच्या मापावर ठरते. पहिल्या चार गोष्टींबद्दल अभियंत्यांचे बऱ्यापैकी जमते. मापाबद्दलचा वाद मात्र साठ वर्षे चालू आहे. माझ्या मते तो इतका लांबला, कारण दोन निराळे प्रश्न एकाच आलेखावर मांडले गेले. दर किलोमागे किती कण भिंतीपर्यंत पोचतात आणि कोणत्या वेगाने, हा प्रवाहाचा प्रश्न. पोचलेला प्रत्येक कण धातूचे काय करतो, हा पदार्थाचा प्रश्न. मापाबरोबर दोन्हींची उत्तरे बदलतात, आणि प्रयोगानंतर तुकडा तराजूवर ठेवला की दिसतो तो दोघांचा गुणाकार.

ज्यांना हा प्रश्न रोज भेटतो ती माणसे सहसा शोधनिबंध वाचत नाहीत. औष्णिक वीज केंद्रातला राख विभाग घ्या. आपल्याकडच्या कोळशात तीस-चाळीस टक्के राख असते. तिचा मोठा वाटा, ढोबळमानाने चार पंचमांश, धुराबरोबर वर जाणाऱ्या बारीक राखेचा. उरलेली जाड राख भट्टीच्या तळाशी पडते. जिथे ओली पद्धत आहे तिथे दोन्ही पाण्यात कालवून पंपाने राखेच्या तळ्याकडे ढकलल्या जातात. वरची राख बहुतांशी १०० मायक्रॉनच्या आतली आणि तिचे बरेचसे कण गोलसर. तळाची राख खरखरीत, कोनेदार, काही मिलिमीटरपर्यंतची. वजनाने ती कमी, पण पाइप खाते ती. जाड कण पाइपच्या तळाला घासत जातात, म्हणून तळाची जाडी आधी संपते. देखभाल करणारे लोक ठरावीक काळाने पाइप फिरवून बसवतात आणि न झिजलेली बाजू खाली आणतात. बेंडच्या जागी ओतीव बेसाल्टचे अस्तर घालतात. कोराडीपासून चंद्रपूरपर्यंत कोणत्याही वीज केंद्राच्या परिसरात वाढलेल्या माणसाला यात नवे काही वाटणार नाही. नवे आहे ते यामागचे कारण. दोन्ही राखा एकाच कोळशाच्या. वेगळे आहे ते त्यांचे माप आणि त्यांची घडण.

झिजेच्या अभ्यासाचा इतिहास मात्र पाण्यात सुरू होत नाही, हवेत सुरू होतो, आणि सुरुवातीला झीज हवीच होती. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन टिल्घमन यांनी १८७० साली वाळूच्या झोताने काच, दगड आणि धातू कापण्या-कोरण्याचे पेटंट घेतले. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यात जर्मनीत वेलिंगर यांनी तोच झोत चाचणीचे साधन म्हणून वापरला. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. तिरक्या माऱ्याला कठीण पोलाद चांगले टिकते आणि सरळ, काटकोनातल्या माऱ्याला रबर. कोणता पदार्थ चांगला, हे कोन सांगितल्याशिवाय सांगता येत नाही.

खरे सिद्धांत आले ते तेलाच्या धंद्यातून. तेल शुद्धीकरणात उत्प्रेरकाची भुकटी वायूबरोबर पाइपांतून फिरते आणि पाइप झिजवते. शेल कंपनीच्या प्रयोगशाळांत काम करणाऱ्या दोघांनी या क्षेत्राला पाया दिला. इयान फिनी यांनी १९६० साली कणाकडे लेथवरच्या हत्यारासारखे पाहिले: तिरका येतो, धातूत घुसतो, छिलका काढतो आणि निघून जातो. तन्य, म्हणजे न तुटता वाकणाऱ्या, धातूंची झीज लहान कोनात सर्वांत जास्त का होते हे या चित्रातून सुटले. पण काटकोनात आपटणारा कण त्या समीकरणात शून्य झीज दाखवतो, आणि प्रत्यक्षात ती शून्य नसते. ती उणीव बिटर यांनी १९६३ साली भरून काढली. छिलके काढण्याच्या जोडीला वारंवार ठोकले गेल्याने थकून सुटणाऱ्या धातूचा भाग त्यांनी धरला. आज संगणकावर चालणारी बरीच सूत्रे या दोघांची नातवंडे-पतवंडे आहेत. मात्र दोन्हींत एक साम्य आहे, आणि आपल्या दृष्टीने तेच महत्त्वाचे. त्यांच्यात आदळणाऱ्या वाळूचे वजन आहे, वेग आहे, कोन आहे, माप नाही. सुरुवातीच्या परिच्छेदातला भोळा हिशेब तो हाच.

मापाने दार ठोठावले ते विमानांच्या इंजिनांतून. धुळीच्या प्रदेशात उतरणाऱ्या हेलिकॉप्टरांची गॅस टर्बाइने झिजत, म्हणून ब्रिटनमध्ये टिली आणि सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात वेगवेगळ्या मापांच्या धुळीने चाचण्या घेतल्या. मापाबरोबर झीज वाढत जाते, एका टप्प्यावर थांबते, आणि तो टप्पा वेगानुसार सरकतो, असे त्यांना दिसले. त्याच सुमारास, १९६६ साली, शेल्डन आणि फिनी यांनी काचेवर सिलिकॉन कार्बाइडची अतिशय बारीक भुकटी मारून पाहिली. काच ठिसूळ, तिची झीज काटकोनात सर्वाधिक व्हायला हवी. जाड कणांनी ती तशीच होते. पण दहाएक मायक्रॉनच्या भुकटीने काच तन्य धातूसारखी वागू लागली आणि सर्वाधिक झीज तिरक्या कोनात दिसली. तडा जायला किमान काही जागा आणि काही भार लागतो. इवल्या कणाला तेवढा भार देता येत नाही, म्हणून काच फुटण्याऐवजी खरवडली जाते. मला स्वतःला हा या क्षेत्रातला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो. ठिसूळपणा हा काचेचा जन्मजात गुण मानला जातो, आणि तो कणाच्या मापावर अवलंबून निघाला.

ठिसूळ पदार्थांचे गणित पुढे एव्हान्स आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली मांडले. पृष्ठभागाखाली आडव्या जाणाऱ्या तड्यांमुळे ढलपे सुटतात असे धरले, की एका कणाने काढलेला पदार्थ त्याच्या त्रिज्येच्या ३.७ घाताने वाढतो. कणाचे वजन तिसऱ्या घाताने वाढते. म्हणजे दर किलोमागे ०.७ घात उरतो. माप दुप्पट केले तर झीज सुमारे ६० टक्क्यांनी वाढते आणि तन्य धातूंसारखी कुठे थांबत नाही. सिरॅमिक अस्तर बारीक गाळाला वर्षानुवर्षे दाद देत नाही आणि चार गोटे आले की ढासळते, त्याचे मूळ इथे आहे.

तन्य धातूंचा १०० मायक्रॉनचा उंबरठा मात्र कोड्यातच राहिला, आणि कोडे आणखी अवघड झाले ते पॉलिश पेपरमुळे. अविएंट, गोडार्ड आणि विल्मन यांनी १९६० साली धातू वेगवेगळ्या ग्रेडच्या कागदांवर घासून पाहिले होते. तिथे प्रवाह नाही, हवा नाही, पाणी नाही. कण कागदाला चिकटलेले. तरीही १०० मायक्रॉनच्या आसपास तोच उंबरठा! मिश्रा आणि फिनी यांनी १९८१ साली सगळी प्रचलित स्पष्टीकरणे एकत्र तपासली. प्रवाह, कणांची धार, कणांचे तुकडे होणे, खरवडलेल्या चुऱ्याने कागद भरून जाणे यांपैकी कशानेही दोन्ही प्रकारच्या झिजेचा उलगडा होईना. त्यांचा कौल पडला तो धातूच्या वरच्या पातळ थरावर: धातू आतल्यापेक्षा पृष्ठभागाशी जास्त कठीण वागतो, आणि लहान कण त्या थरातच अडकतो. हा पदार्थवाद्यांचा सर्वांत भक्कम युक्तिवाद, आणि तो आजही पुरता खोडला गेलेला नाही.

दुसऱ्या बाजूला उभे राहिले ते पाण्यात काम करणारे लोक. त्यांतले ठळक नाव कॅन्सस विद्यापीठाचे हेक्टर क्लार्क. स्लरीच्या चाचण्या तेव्हा मुख्यतः पॉट टेस्टरमध्ये होत (आजही होतात): भांड्यात वाळू आणि पाणी, मधल्या दांड्याला धातूचे नमुने, आणि दांडा ठरलेल्या वेगाने फिरतो. नमुन्याचा वेग तोच कणाचा वेग, असे सगळे गृहीत धरत. क्लार्क यांनी नमुन्यावरचे खड्डे मोजले. खड्डा किती रुंद यावरून कण किती जोराने आपटला ते काढता येते. खड्डे किती यावरून कण किती आले ते कळते. दोन्ही आकडे गृहीतकापेक्षा कमी निघाले, आणि कण जितके बारीक तितकी तफावत मोठी.

कारण समजायला अवघड नाही. घाटातल्या वळणावर रिकामी दुचाकी सहज वळते आणि भरलेला ट्रक वेग जास्त असेल तर सरळ कठड्यावर जातो, कणांचेही तसेच. पाणी अडथळ्याभोवती वळते, बारीक कण त्याच्याबरोबर वळतात, जाड कणांना वळता येत नाही. हा हट्टीपणा स्टोक्स संख्येने मोजतात, आणि तीत व्यासाचा वर्ग असतो. माप निम्मे केले की हट्टीपणा चौथाईवर येतो. त्याच संख्येत द्रवाची स्निग्धता छेदात असते, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे ५५ पट स्निग्ध. म्हणजे हवेत १० मायक्रॉनचा कण जितका हट्टी, तितका पाण्यात होण्यासाठी ढोबळमानाने ७४ मायक्रॉनचा कण लागतो. हवेतल्या चाचणीचा आलेख पाण्याच्या पंपाला लावणाऱ्याने एवढा एकच आकडा लक्षात ठेवला तरी बऱ्याच चुका टळतील.

भिंतीजवळ आणखी एक अडसर असतो. कण आणि धातू यांच्यामधले पाणी बाजूला झाल्याशिवाय ते एकमेकांना भिडू शकत नाहीत. शेवटच्या क्षणी हे पाणी पिळून निघते आणि कणाचा वेग खाते. कॅलटेकमध्ये मेलनी हंट आणि सहकाऱ्यांनी २००१ साली द्रवात भिंतीवर गोळे आपटवून दाखवले, की याच स्टोक्स संख्येच्या भिंतीजवळच्या रूपाचे मूल्य साधारण १०च्या खाली गेले की गोळा उसळतच नाही. सगळी ऊर्जा पाण्याच्या त्या थरात जिरते. पाण्यात सेकंदाला १ मीटर वेगाने भिंतीकडे जाणाऱ्या क्वार्ट्झच्या कणासाठी हिशेब केला तर ही मर्यादा ३४ मायक्रॉनच्या आसपास येते. वेग १० मीटर केला की ती ३.४ मायक्रॉनवर उतरते. म्हणून 'अमुक मायक्रॉनच्या खाली झीज नाही' हे वाक्य वेग न सांगता लिहिले, की ते अर्धवट असते. पाठ्यपुस्तकांत ते सर्रास तसेच असते.

हे सारे मान्य केले की दोन सूत्रांमधला एक जुना विरोधाभास आपोआप सुटतो. जपानमधल्या ओका आणि सहकाऱ्यांचे २००५चे सूत्र आज संगणकीय प्रवाहगणितात फार वापरले जाते. वाळूसाठी त्यात मापाचा घात आहे ०.१९, माप दुप्पट केले तर झीज जेमतेम १४ टक्क्यांनी वाढते. उलट जलविद्युत टर्बाइनांसाठीचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मानक, आयईसी ६२३६४, गाळाचे मध्यक माप सरळ गुणक म्हणून घेते. माप दुप्पट, तर झीज दुप्पट. कोण बरोबर? ओका यांची चाचणी हवेतल्या झोताने केलेली आहे. तिथे बहुतेक कण पूर्ण वेगाने आदळतात आणि उरतो तो जवळपास शुद्ध पदार्थाचा प्रश्न. आयईसीचे सूत्र प्रत्यक्ष टर्बाइनांच्या अनुभवातून बेतलेले; त्यात प्रवाहाने बारीक कणांना दिलेली सूटही गुंतलेली आहे. दोन्ही आपापल्या जागी चालतात. गोंधळ होतो तो सरमिसळ केल्यावर. संगणकाने प्रत्येक कणाचा मार्ग काढला, म्हणजे प्रवाहाचा हिशेब एकदा झाला. त्यावर पुन्हा स्लरीतून काढलेला मापाचा घात चढवला, तर तोच हिशेब दोनदा होतो. अशी दुहेरी मोजणी केलेले अहवाल मी पाहिले आहेत आणि त्यांतली रंगीत चित्रे फार सुंदर असतात.

भारतातल्या कामाचा इथे वेगळा उल्लेख हवा, कारण मिश्र मापांचा प्रश्न आपल्याकडे नेटाने हाताळला गेला. प्रयोगशाळेत चाळलेली, एकाच मापाची वाळू वापरतात. नदीत आणि राखेच्या पाइपमध्ये सगळी मापे एकत्र वाहतात. दिल्लीच्या आयआयटीत शेषाद्री आणि एस. एन. सिंग, त्यांच्याबरोबर आणि पुढे रुरकीच्या आयआयटीत भूपेंद्र गांधी, यांनी या मिश्रणांवर पॉट टेस्टरमध्ये बरेच काम केले. गांधी आणि बोरसे यांच्या २००४च्या निबंधातला एक निष्कर्ष प्रत्येक पंपवाल्याने वाचावा असा आहे: जाड वाळूच्या स्लरीत ७५ मायक्रॉनखालचे बारीक कण मिसळले, तर झीज कमी होते. घन पदार्थ वाढला आणि झीज घटली! बारीक कण स्वतः फारसे झिजवत नाहीत, पण जाड कणांच्या वाटेत येतात आणि द्रवाचे वागणे बदलतात. म्हणजे कणाच्या मापाचा परिणाम त्याच्या शेजाऱ्यांवरही अवलंबून आहे. एका सरासरी आकड्यात तो कधीच मावणार नाही. देसले, गांधी आणि जैन यांचे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूवरचे २००९चे काम याच परंपरेतले.

उद्योगाने यातला काही भाग सिद्धांताची वाट न पाहता ओळखला होता. टास्मानियातल्या सॅव्हेज रिव्हर खाणीपासून १९६७ साली ८५ किलोमीटरची लोहखनिजाची स्लरी पाइपलाइन सुरू झाली. ब्राझीलच्या सामार्कोने १९७७मध्ये सुमारे ४०० किलोमीटर गाठले. आपल्याकडे कुद्रेमुखहून मंगळूरला ६७ किलोमीटरची लाइन आली. या सगळ्यांत खनिज आधी बारीक दळलेले असते. शुद्धीकरणासाठी ते दळावेच लागते, पण त्याचा दुसरा फायदा असा, की बारीक कण मंद वेगातही तळाशी बसत नाहीत. मग सेकंदाला दीड-दोन मीटर वेग पुरतो आणि पाइपची धास्ती झिजेपेक्षा गंजाची उरते. अल्बर्टाच्या तेलवाळूत जाड वाळू आणि ढेकळे पाठवतात. ती खाली बसू नयेत म्हणून वेग वाढवावा लागतो, आणि जाड कण व जास्त वेग अशा दोन्ही बाजूंनी मार बसतो. तिथे पाइप फिरवणे आणि बदलणे हे कायमचे काम आहे.

धातूंच्या निवडीबद्दल संग्रहात भरपूर आहे, म्हणून इथे एवढेच. क्रोमियमच्या पांढऱ्या बिडात कठीण कार्बाइडचे कण मऊ धातूत रुतलेले असतात. वाळूचा कण त्यांच्यामधल्या अंतरापेक्षा मोठा असला तर त्याला कार्बाइडशी सामना करावा लागतो. लहान असला तर तो मधला मऊ धातू पोखरतो आणि कार्बाइड सुटून पडतात. म्हणजे माप मोजायचे ते धातूच्या आतल्या रचनेच्या तुलनेत. रबराची गोष्ट वेगळी: ते बारीक, गोलसर कण झेलून परत पाठवते आणि धारदार खड्याने फाटते.

हा विषय आज ज्या कारणाने तातडीचा आहे ते हिमालयात आहे. सतलजवरचा नाथपा झाकरी प्रकल्प १,५०० मेगावॉटचा. २५० मेगावॉटची सहा फ्रान्सिस टर्बाइने, आणि पाणी ४२८ मीटरवरून येते. एवढ्या उंचीला पाण्याचा मुक्त वेग सेकंदाला ९० मीटरच्या वर जातो. गाळात क्वार्ट्झ भरपूर. मोहस पट्टीवर त्याचे काठिण्य ७, टर्बाइनच्या पोलादाहून बरेच जास्त. आयईसीच्या सूत्रात वेगाचा घात ३.४ आहे, वेग १० टक्क्यांनी वाढला तर झीज ३८ टक्क्यांनी वाढते. गाळ अडवण्यासाठी तिथे डोंगराच्या पोटात ५२५ मीटर लांबीच्या चार गाळण-दालनांची सोय केली आहे, आणि ती ०.२ मिलिमीटरपेक्षा मोठे कण बसवण्यासाठी आखलेली आहेत. ०.२ मिलिमीटरच का? स्थिर पाण्यात या मापाचा क्वार्ट्झचा कण १० मीटर खोली सात मिनिटांच्या आसपास उतरतो. ०.०२ मिलिमीटरच्या कणाला तीच खोली उतरायला पावणेआठ तास लागतात. तेवढा वेळ देणारे दालन डोंगरात खोदणे परवडत नाही. म्हणजे मापाची रेषा खोदकामाच्या खर्चाने आखली, धातूला विचारून नाही. रेषेखालचे कण टर्बाइनपर्यंत जातातच, आणि ९० मीटरच्या वेगापुढे पाण्याने बारीक कणांना दिलेली सूट फारशी उरत नाही. मग टंगस्टन कार्बाइडचे लेप आले, पावसाळ्यानंतरच्या दुरुस्त्या आल्या.

नेपाळमधला झिमरुक हा १२ मेगावॉटचा छोटा प्रकल्प झिजेच्या अभ्यासात वारंवार येतो, कारण तिथला क्वार्ट्झने भरलेला बारीक गाळ पावसाळ्यागणिक टर्बाइनची कार्यक्षमता डोळ्यांदेखत उतरवतो. काठमांडू विद्यापीठाने टर्बाइनची प्रयोगशाळा उभारली, नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमशी जोडून घेतले, आणि पात्यांची घडणच बदलून झीज कमी करता येईल का याचा शोध चालवला. स्वित्झर्लंडमध्ये फीशरटाल येथे गाळाचे माप लेझरने सतत मोजत टर्बाइनच्या झिजेशी ताडून पाहिले गेले. मला आपल्याकडे याच गोष्टीची उणीव जाणवते. गाळ वाढला की टर्बाइन बंद करायचे, हा निर्णय बहुतेक ठिकाणी पीपीएमच्या आकड्यावर होतो. पीपीएम वजन सांगते. माप सांगत नाही, क्वार्ट्झ किती ते सांगत नाही. एका दिवशीचे ३,००० पीपीएम चिखलाचे असतात, दुसऱ्या दिवशीचे ३,००० पीपीएम जाड वाळूचे. टर्बाइनला दोन्ही दिवस सारखे वाटत नाहीत.

महाराष्ट्रातल्या वाचकाला साहजिक प्रश्न पडेल, की कोयनेत असे का ऐकू येत नाही. तिथेही पाणी साडेचारशे मीटरहून अधिक खाली येते. एक कारण भूगर्भाचे: सह्याद्रीचा बेसाल्ट क्वार्ट्झच्या बाबतीत गरीब आहे. दुसरे कारण मापाचे. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या १०५ टीएमसी पाण्यात जाड कणांना खाली बसायला तास-दोन तास नव्हे, महिने मिळतात. हिमालयातले बरेच प्रकल्प वाहत्या नदीवरचे. पाणी थांबतच नाही. कोयनेचे टर्बाइन एका अर्थाने जगातल्या अतिशय ऐसपैस गाळण-दालनाच्या मागे बसले आहे.

हिमनद्या मागे सरकल्या की खालची मोकळी, न धुतलेली माती उघडी पडते आणि नद्यांना नवा गाळ मिळतो. खाणींत चांगले खनिज संपत चालल्याने कच्चे खनिज अधिकाधिक बारीक दळावे लागते. म्हणजे एकीकडे नद्यांत जाड गाळाची भीती, दुसरीकडे पाइपांत अतिबारीक, घट्ट स्लरी. दोन्ही टोके जुन्या चाचण्यांच्या मापाबाहेरची आहेत, आणि जुनी कोष्टके तशीच पुढे ओढून तिथवर नेण्याचा मोह मोठा आहे.

या संग्रहाचा प्रयत्न असा, की मराठीत वाचणाऱ्या अभियंत्याला, पदविकेच्या विद्यार्थ्याला आणि पंपहाउसमधल्या फोरमनला हा सगळा पट एका जागी मिळावा, आणि प्रवाहाचा व पदार्थाचा प्रश्न पहिल्या पानापासून वेगळे ठेवले जावेत. लेखकांमध्ये प्रयोगशाळेतले आहेत तसे वीज केंद्रातलेही. त्यांचे आपसात पटत नाही असे काही मुद्दे आहेत आणि संपादनात ते मुद्दाम गुळगुळीत केलेले नाहीत. पदार्थवाद्यांचा कठीण थराचा सिद्धांत आणि प्रवाहवाद्यांची खड्ड्यांची मोजणी दोन्ही इथे आपापल्या बाजूने बोलतात. माझी एक तक्रार आहे. गंज आणि झीज एकमेकांना कसे वाढवतात याला मिळालेली जागा अपुरी आहे. बारीक कण धातू फारसा खात नसले तरी त्याच्यावरचा संरक्षक थर खरवडू शकतात आणि गंजाला वाट करून देतात, आणि समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या ड्रेजर पंपांसाठी ही बाब दुय्यम नाही.

वाचताना एक सवय उपयोगी पडेल. कोणताही आलेख समोर आला की आधी पाहावे, चाचणी हवेत झाली की पाण्यात. वेग नमुन्याचा सांगितला आहे की कणाचा. आणि माप चाळणीने काढले, बुडण्याच्या वेगावरून काढले की लेझरने. अभ्रकाची चपटी चकती चाळणीत मोठी ठरते आणि पाण्यात बारीक कणासारखी हळू बुडते, त्यामुळे तिन्ही आकडे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. शिवाय पॉट टेस्टरमधली वाळू तासागणिक बोथट होते. ती किती वेळाने बदलली, हे निबंधात लिहिलेले नसेल तर आकड्यावर फार भार टाकू नये. गणिताची आवड नसलेल्याने स्टोक्स संख्येची पाने ओलांडून थेट पंपांकडे गेले तरी चालेल. तिथे एखादा आलेख अडला, की मागे यावे.